शुन-यी सहा नंबरच्या बोटीचा राहिलेला निरोप

तुंगकांग, बुधवार

युए-ताओताई, आधी तुझ्या दोन्ही गुडघ्यांना माझा नमस्कार, मग तुला. (गुडघे वयाने तुझ्याएवढेच असले तरी सध्या घरात त्यांचा मान तुझ्यापेक्षा मोठा आहे, असं तुझ्या सुनेने फोनवर सांगितलं.) उजव्याची सूज उतरली का? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलंय आणि तू गच्चीतल्या कारल्याच्या वेलाला पाणी घालायला दिवसातून दोनदा वर जातेस, हेही तिनेच सांगितलं. मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, ताई चढत असेल, पण उतरताना नक्की सावकाश उतरत असेल. ताइचुंगची हवा कोरडी असते म्हणतात, तिथे तुझ्या घशाला बरं वाटत असावं. माझा घसा ठणठणीत आहे. बाकी मी ठीक, मांजर ठीक, खालच्या मजल्यावरचं कुटुंब भांडतंय म्हणजे तेही ठीक.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, दिवसभर करतेस तरी काय. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण उत्तर देण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. ताई, मी कामाला लागले. शिकाऊ उमेदवार म्हणून! एकसष्टाव्या वर्षी! हसून घे, मी थांबते.

बंदरावर बर्फाच्या कारखान्यासमोर जाळी शिवणाऱ्या बायकांचं दुकान आहे, त्याच्या माडीवर ‘नांगर’ नावाची एक लहानशी संस्था आलीय. आपल्याकडच्या बोटींवर इंडोनेशिया, फिलिपिन्स, व्हिएतनामहून जी पोरं खलाशी म्हणून येतात, त्यांच्यासाठी ती चालते. कुणाचे कागद अडले, कुणाची दाढ दुखते, कुणाला घरी बोलायचंय, त्याने तिथे जायचं. तिच्या दारावर कागद चिकटवला होता : ‘संपर्काच्या कामासाठी उमेदवार पाहिजे. तीन महिने. दुपारचं जेवण मिळेल. अनुभवाची अट नाही.’ अट नाही हे वाचून मला फार बरं वाटलं. साठीनंतर माणसाकडे अनुभवाशिवाय काही उरत नाही आणि तो कुणालाच नको असतो. इथे निदान तसं स्वच्छ लिहिलं होतं.

संस्थेच्या संचालिका श्यू यी-जन, वय एकतीस, तैपेईची मुलगी. मी आत गेले तर ती माझ्या मागे दाराकडे बघत राहिली, माझी नात येतेय का म्हणून.

“मावशी, कुणासाठी चौकशी करताय?”

“माझ्यासाठी.”

“अहो, हे कॉलेजच्या मुलांसाठी असतं.”

“कागदावर तसं नाही.”

ती उठली, बाहेर जाऊन स्वतःचाच कागद वाचून आली. “नाहीये खरं,” म्हणाली. “आणि अर्ज करणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात.” त्यामुळे माझी निवड एकमताने झाली.

आता काम ऐक. नांगरचं एक पान आहे, म्हणजे फोनवर बघायचं, कागदाचं नव्हे. खलाशी पोरं ते वाचतात, आणि चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी वाचतात, कुणी इथे कुणी तिथे, जसे पूर्वी लोक आपापल्या ठरलेल्या चहावाल्याकडे बसायचे. त्या सगळ्या ठिकाणी तोच मजकूर तीन भाषांत टाकता टाकता श्यू बाईचा जीव मेटाकुटीला आला होता. तर यासाठी म्हणे हल्ली साधनं निघालीत. मजकूर आज लिहून ठेवायचा, दिवस आणि वेळ सांगायची, की ठरल्या मिनिटाला तो आपोआप सगळीकडे जाऊन चिकटतो. याला शेड्यूल करणं म्हणतात. श्यू बाईने मला तीन साधनांची यादी दिली. तिन्ही महिनाभर फुकट वापरता येत होती. “मावशी, वापरून बघा आणि यातलं कुठलं घ्यायचं ते मला लेखी सांगा.”

मी मान डोलावली आणि मनातल्या मनात हसले. ताई, आपण दोघी त्या मच्छीमार संघाच्या बिनतारी केंद्रात चौतीस वर्षं एकाच टेबलाशी बसलो, आणि केलं काय? हेच की! बिस्किटाच्या डब्यात घरच्यांच्या चिठ्ठ्या यायच्या, संध्याकाळी सातला आधी हवामान (“वारा सहा, झोत आठ”, तू हे असं म्हणायचीस की आठचा झोतसुद्धा जरा दमाने घेई), मग टुनाचा भाव, मग घरगुती निरोप. अमक्या बोटीवरच्या अमक्याला कळवणे की धाकटा पास झाला. तमक्याला कळवणे की छप्पर गळतंय पण येण्याची घाई नको. कुठला कप्तान जेवल्यावर लगेच झोपतो, कुठल्या बोटीचा रेडिओ उत्तरेला वळल्यावर खरखरतो, कोण आपलं नाव ऐकायला लाजतो आणि आडनावाने हाक मारलेली त्याला बरी वाटते, सगळं आपल्याला पाठ. पाऊण बंदराच्या सुखदुःखाच्या वेळा आपल्या हातात होत्या, आणि त्याला काही विशेष म्हणतात हेच आपल्याला माहीत नव्हतं. हल्ली त्या टेबलाशी कुओ बसतो. त्याचेही कानशिलावरचे केस पिकले. घरगुती निरोप बंद होऊन बारा वर्षं झाली, ज्याच्या त्याच्या हातात फोन आला. मी कधी कधी सातला खिडकी उघडते आणि उगाच हवा बघते.

असो. साधनांकडे वळते. त्यांची खरी नावं बोलायला जड, म्हणून मी त्यांना आपली नावं ठेवली.

पहिलं साधन म्हणजे मास्तर. याला प्रत्येक गोष्टीला मंजुरी लागते. मजकूर लिहिला की विचारतो, वरिष्ठांनी पाहिलंय का? श्यू बाई दिवसभर पोलीस चौकी नाहीतर दवाखान्यात, तिने वैतागून वरिष्ठाची किल्लीही मलाच देऊन टाकली. मग मी डाव्या खिडकीत मंजुरी मागायची आणि उजव्या खिडकीत द्यायची. एका दुपारी मजकूर मलाच आवडला नाही, मी नाकारला, आणि डाव्या खिडकीत मला फार अपमान वाटला. त्यात या मास्तराचं घड्याळ कुठल्या परक्या देशाचं निघालं. मी कमळाचं चित्र, वर ‘शुभ सकाळ, आजचा दिवस शांततेचा जावो’ असं लिहून (तू मला रोज पाठवतेस तेच, गुलाबी कमळ) पहाटेसाठी लावलं, ते संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी निघालं. पोरांनी मला उलट शुभ सकाळ पाठवली, अदबीने, भात खाता खाता. मदतीसाठी एक खिडकी होती, तीत ‘मी माया, काय मदत करू?’ अशी बाई होती. परक्या बाईला एकदम कामाचं कसं बोलायचं, म्हणून मी आधी विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली, हा प्रश्न मला समजला नाही. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, हा प्रश्न मला समजला नाही. मला तिची काळजीच वाटायला लागली. श्यू बाईने आल्यावर सांगितलं की मावशी, ती माणूस नाही. (तरी मी निघताना तिचा निरोप घेऊन निघाले. आपली पद्धत आपण का सोडायची!)

दुसरं साधन ज्योतिषी. याला वेळ सांगायचीच नाही. मजकूर त्याच्या ओटीत टाकायचा, तो स्वतः मुहूर्त काढतो. तुमची माणसं जास्तीत जास्त संख्येने फोनकडे कधी बघतात ते हेरतो आणि नेमकं तेव्हा सोडतो. आपल्या भिंतीवरचं पंचांग निदान सांगतं, आज जाळं विणायला चांगलं, चूल हलवायला वाईट. हा कारण सांगत नाही. शिवाय आमची माणसं पडली खलाशी. बोट बंदरापासून जरा लांब गेली की फोन म्हणजे नुसता आरसा. त्यामुळे ज्योतिषाला आठवडाभर मुहूर्तच सापडेना. टाकलेले सगळे मजकूर तसेच पडून राहिले, आणि मी त्यांना विसरून गेले.

तिसरा बिचारा. कायमचा फुकट. रंग नाही, चित्र नाही, सल्ला नाही. एक यादी, तिच्यापुढे तारीख आणि वेळ, आणि लावून झालं की हिरवी खूण. सांगशील ते सांगशील तेव्हा करणार. मला पहिल्या दिवसापासून तो आवडला. आणि माझी खरी फजिती या गुणी बाळानेच केली. की मी त्याची केली, ते तू ठरव.

मागच्या सोमवारी सकाळी जावामधल्या तेगल गावाहून नांगरमध्ये फोन आला. आमच्याकडे भाषेसाठी लेस्तारी असते. खालच्या गल्लीत तिचं इंडोनेशियन किराणा-खानावळीचं दुकान आहे, इथल्याच माणसाशी लग्न करून वीस वर्षांपूर्वी आली, आता आपल्यापेक्षा चोख भांडते. तिने फोन घेतला. शुन-यी सहा नंबरच्या बोटीवर रसिदी नावाचा खलाशी आहे, त्याच्या सासूचा फोन. रसिदीला त्या पहाटे मुलगी झाली होती. तीन आठवडे आधीच. बाळ-बाळंतीण सुखरूप. पण त्यांच्यात सातव्या दिवशी बाळाचे केस उतरवून नाव ठेवतात, आणि नाव बापाने सांगायचं असतं. सातवा दिवस येणारा रविवार. आणि रसिदीचा फोन मागच्या फेरीत समुद्रात पडला होता. घरचा नंबर त्या फोनमध्ये, फोन समुद्रात, त्यामुळे तो कुणाचा फोन मागून घेऊनही काही करू शकत नव्हता. त्याला वाटत होतं, अजून महिना आहे.

शुन-यी सहा शनिवारी दुपारी परत यायची होती. मी विचार केला, आत्ता टाकून उपयोग नाही, समुद्रात कोण वाचणार, आणि शनिवारपर्यंत तो मजकूर बाकीच्यांच्या खाली गाडला जाईल. म्हणून बिचाऱ्याकडे शनिवार संध्याकाळ, सात वाजता असं लावलं. (दुसरी वेळ मला सुचणार तरी कशी!) ‘शुन-यी सहावरच्या रसिदीला कुणीतरी सांगा, घरून आनंदाची बातमी आहे, लगेच नांगरमध्ये ये.’ इंडोनेशियनमध्ये लेस्तारीने लिहून दिलं. हिरवी खूण आली. आणि ताई, त्या हिरव्या खुणेसरशी रसिदी माझ्या डोक्यातून उतरला. मी हात धुतले आणि जेवायला बसले.

बुधवारी वादळाचा इशारा आला. तुला माहीतच आहे मग कसं होतं. रात्र व्हायच्या आत झाडून सगळ्या बोटी बंदरात, एकीला एक चिकटून, कडेच्या बोटीवरून तीन बोटी ओलांडून किनाऱ्यावर यायचं. गुरुवारी सकाळी वारा सुटला, पाऊस आडवा, आणि शेकडो पोरं बोटींवर अडकलेली, करायला काही नाही, फोनला मात्र सणसणीत सिग्नल. सगळ्यांनी एकदम फोन उघडले. आणि तिकडे आमचा ज्योतिषी आठ दिवसांच्या समाधीतून जागा झाला. याहून चांगला मुहूर्त आता या जन्मी नाही, असं त्याने ताडलं, आणि ओटीतला पहिला मजकूर सोडला. तो मी पुढच्या महिन्यात नांगरच्या वर्धापनदिनासाठी कच्चा लिहून ठेवला होता, तारीख नंतर घालू म्हणून घातलीच नव्हती. ‘या मित्रांनो, जेवायला या! भात, मासे, मिरचीची चटणी आणि फुकट केस कापून मिळतील!’

साडेअकराला जिना वाजायला लागला. मला वाटलं पत्रे उडतायत. दार उघडलं तर जिन्यात, दुकानात, पागोळ्यांखाली, रेनकोट घातलेली, न घातलेली, डोक्यावर माशांचा क्रेट उलटा धरलेली माणसं. मी मोजली, एकशे बारा. श्यू बाईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मावशी, तुम्ही यांना काय सांगितलंत?” मी म्हटलं, मी नाही, ज्योतिषाने. ती ओरडली नाही. खुर्चीवर बसली, दोन श्वास घेतले आणि म्हणाली, “तांदूळ किती आहे?” त्या क्षणापासून ती पोरगी मला आवडते.

ताई, मग जे झालं ते लग्नघरातही होत नाही. लेस्तारीने दुकानातल्या शेवयांची खोकी फोडली. खालच्या जाळीवाल्या बायकांनी आपापल्या घरचे कुकर आणले. बर्फाच्या कारखान्यातून कुणीतरी दोन टोपल्या बांगडे पाठवले, तसेही विकले जाणार नव्हते. केस कापायला न्हावी कुठून आणणार, तर जाळीवाली सू-लान पुढे झाली. तिने जाळी कापायच्या कात्रीने सतरा डोकी कापली. सगळी एकाच मापाची, चौकोनी, तरी एकाचीही तक्रार नाही. एक पोरगं गायला लागलं, मग सगळेच. बाहेर वादळ आणि आत हा गोंगाट. मला आपल्या केंद्रातलं ते वादळ आठवलं, जेव्हा आपण दोघी दोन दिवस खुर्चीवरून हललो नव्हतो आणि पाळीपाळीने एकीने बोलायचं, एकीने गरम तांदळाच्या वड्यांचं कढण प्यायचं असं चाललं होतं. इतकं सुख झालं बघ. सुखाच्या भरात माणूस काय करतो ते ऐक. दोन पोरं माझ्यापुढे आली आणि मोडक्या चिनीत म्हणाली, “आजी, आमचा एकजण बोटीवर दोर सांभाळत बसलाय, कप्तान सोडत नाही. त्याच्यासाठी डबा द्याल?” मी भरभरून दिला, बांगड्याचा मोठा तुकडा घातला, वर चटणी. कुठली बोट, कुठला मित्र, काही विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी इशारा उठला. वादळ दुसरीकडेच गेलं. अडीचच्या सुमारास मी निवांत बसून, शनिवारी काय काय जायचंय ते बघावं म्हणून बिचाऱ्याची यादी उघडली. तिथे, हिरव्या खुणेसकट, रसिदी. शुन-यी सहा शनिवारी येणार होती खरी, पण बुधवारीच सगळ्यांबरोबर आली असणार! दोन दिवस तो माझ्यापासून तीन बोटींच्या अंतरावर होता, त्याचा निरोप माझ्या पेटीत होता, आणि मी सू-लानने कापलेले केस झाडत होते.

चप्पल नीट न घालता मी धक्क्यावर पळाले. बर्फवाला म्हणाला, “शुन-यी सहा? बर्फ भरून दीडलाच गेली की. दोन दिवसांचं नुकसान भरून काढायचंय, आता चांगली दहा-बारा दिवसांनी येईल.” मी तिथेच दोर बांधायच्या खुंटावर बसले. हो, बसले आणि रडले. लाज वाटली सांगायला, पण तुझ्यापासून काय लपवायचं. चौतीस वर्षांत एक निरोप डब्यात राहिला नव्हता, ताई.

श्यू बाई मागोमाग आली होती. तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, “मावशी, बोटीला फोन लागत नाही. पूर्वी तुम्ही काय करायचात?” मी तिच्याकडे बघितलं. तिने स्कूटर काढली.

बिनतारी केंद्रात कुओ हवामान टिपत होता. मी धापा टाकत त्याला सगळं सांगितलं, खुर्ची सोड म्हटलं. तो घाबरला. “ताई, घरगुती निरोप बंद झालेत. हे नियमात बसत नाही.”

“बसत नसेल तर उभ्याने करते. सरक.”

तो सरकला. (तूच शिकवलंयस त्याला, सरकेल नाही तर काय.) बटण तेच, फक्त रंग बदललाय. मी दाबलं, आणि ताई, माझा जो आवाज बाहेर आला तो मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. “शुन-यी सहा, शुन-यी सहा, तुंगकांग केंद्र बोलतंय. खलाशी रसिदीसाठी घरचा निरोप.” खरखर. पुन्हा. तिसऱ्यांदा उत्तर आलं, बोटीच्या काळू कप्तानाचं. “कोण? चिन-ये? तू जिवंत आहेस?” मी म्हटलं, गप्प बस आणि रसिदीला आण. तो आला. येता येता लेस्तारीकडून लिहून घेतलेली चिठ्ठी खिशात होती, मी अक्षर अक्षर लावून वाचली : “अनाकमू पेरेंपुआन.” तुला मुलगी झाली. समुद्रावर माणूस हसतोय की रडतोय ते कळत नाही, नुसता वारा ऐकू येतो.

मग काळू कप्तानच फुटला. “अरे देवा, या पोराला मुलगी झाली आणि मी त्याला दोन दिवस दोर धरायला बसवला!” आणि मग काय, ती रेडिओची वाट सगळ्यांनाच खुली, आसपासच्या बोटींवरचे कप्तान एकेक करून घुसले. कुणी म्हणे बाळ झाल्याची वाटायची लाल अंडी कुठायत, कुणी म्हणे वादळात झाली म्हणजे भांडखोर निघणार, एकाने स्वतःच्या आईचं नाव ठेवायला सुचवलं, दुसऱ्याने त्याची आई कशी होती ते सगळ्या समुद्राला सांगितलं. मी ओरडले, “सगळ्यांनी तोंडं मिटा! बापाला नाव सांगायचंय!” मिटली. अजून मिटतात, ताई. रसिदीने नाव सांगितलं. खरखर होती, मी पुन्हा सांग म्हटलं, त्याने पुन्हा सांगितलं. “मेरपाती?” मी विचारलं. काळू कप्तान मध्येच म्हणाला, “हो हो, तेच ते, दोर ओढायचाय, ठेवतो!”

मी लगेच लेस्तारीला दुकानात फोन केला, तिने तेगलला लावायला दुसरा फोन हातात धरलाच होता. नाव ऐकून तिने ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं (आनंदाने, असं मला वाटलं). “नक्की मेरपाती?” तिने विचारलं. मी म्हटलं, “बाई, चौतीस वर्षं ऐकण्याचंच काम केलंय मी.” रविवारी तेगलहून फोटो आला. मूठभर बाळ, केस उतरवलेलं डोकं, मागे दहा-बारा माणसं, आणि पाटीवर सुंदर अक्षरात नाव. मी तो फोटो तीनशे वेळा तरी पाहिला असेन. कुओला वरून एक ताकीद मिळाली, श्यू बाईने दिलगिरीचं पत्र दिलं, त्यावर प्रकरण मिटलं.

काल मी माझा लेखी अहवाल दिला. बिचाऱ्याला घ्यावं, असं लिहिलं. पण त्याच्याबरोबर एक माणूस घ्यावं, ज्याने रोज सकाळ-संध्याकाळ यादी उघडून धक्क्याकडे बघावं, की ज्याच्यासाठी निरोप लावलाय तो कुठे आहे. दोष यंत्राचा नाही, हेही लिहिलं. त्याला वेळ सांगितली होती, वादळ नव्हतं सांगितलं. श्यू बाईने वाचलं आणि ते माणूस म्हणून पुढेही राहाल का विचारलं. मी विचार करून सांगते म्हटलं आणि जिना उतरायच्या आत हो म्हणून परत आले.

तर अशी तुझी चिन-ये पुन्हा कामाला लागली. तुला बरं वाटेल म्हणून सविस्तर लिहिलं. गुडघ्यांना आलं-मिठाचा शेक दे, सुनेशी गोड राहा, कारली माझ्यासाठी वाळवून ठेव.

तुझी,
चिन-ये

ता. क. तांदूळ-गुळाची दुहेरी वडी पार्सलने पाठवतेय. सुनेला देऊ नकोस असं म्हणत नाही, पण आधी तू खा.

ता. क. दोन. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, एक गोष्ट सोडून, आणि ती मी खोटी लिहिली नाही, नुसती लिहिली नाही. केंद्रात हल्ली सगळं बोलणं ध्वनिमुद्रित होतं. ताकीद आली तेव्हा कुओने ते लेस्तारीला ऐकवलं, सावकाश करून. रसिदी दोन्ही वेळा स्वच्छ ‘मेलाती’ म्हणालाय. मेलाती म्हणजे मोगरा. मेरपाती म्हणजे कबुतर. मुलीचं नाव सातव्या दिवशी, केस उतरवून, सगळ्या नातेवाइकांसमोर कबुतर ठेवलं गेलंय. बाळाच्या आजीला जरा नवल वाटलं होतं म्हणे, पण बापाने भर समुद्रातून सांगितलेलं नाव, तिने ते मस्तकी लावलं. आता सरकारी कागदावरही चढलं.

ता. क. तीन. शुन-यी सहा येत्या मंगळवारी परत येतेय. रसिदीला अजून काही माहीत नाही, तो बोटीवर बसून मोगरा मोगरा करत असेल. ताई, जन्म, पास-नापास आणि माशांचा भाव, एवढंच मी वाचू शकायचे. अवघड चिठ्ठी आली की मी पाणी प्यायला उठायचे आणि तू काही न विचारता ती वाचायचीस. मी कधी त्याबद्दल तुझे आभार मानले नाहीत, ते आता मानते. सोमवारी सकाळची गाडी घे, काओशुंगला मी स्कूटरवाल्या श्यू बाईला घेऊन येते, तुला एकही जिना चढावा लागणार नाही, रसिदीला खाली लेस्तारीच्या दुकानात बसवू. त्याला काय सांगायचं ते मी कागदावर लिहून ठेवलंय, लेस्तारीने त्याच्या भाषेत तुला लावता येईल अशा अक्षरात उतरवलंय. सात ओळी आहेत. तो रडला तर मी चहा आणेन, हसला तरी चहाच आणेन. वाचायला तू ये.